मेंबरच्या बायकोचं घर

आमच्याकडे नगरसेवकाला कोणी नगरसेवक म्हणत नाही, मेंबर म्हणतात. आणि आर्किटेक्टला आर्किटेक्ट म्हणत नाहीत, इंजिनिअर म्हणतात. माझे बाबा दोन्ही होते, त्यामुळे सकाळपासून दारावर हाक यायची, "इंजिनिअर मेंबर हायेत का घरी?" सुरुवातीला बाबा समजावून सांगायचे, की बाबा रे, इंजिनिअर वेगळा, मी आर्किटेक्ट. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "बरं, येतो मंग इंजिनिअर साहेब." पुढे त्यांनी नाद सोडला.

गावाचं नाव मी सांगणार नाही. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. लिहिलेलं कोणाच्या तरी मोबाइलवर पोचतंच आणि मग माझ्या बँकेत येऊन लोक विचारत बसतात, "ते आमच्याबद्दल लिवलं का?" तुमच्याबद्दल नाही. माझ्या आईबद्दल लिहिते आहे. तिला एक घर पाहिजे होतं.

बाबा नागपूरला शिकले आणि परत आले. तिकडे राहिले असते तर नाव कमावलं असतं, असं त्यांचे मित्र अजून म्हणतात. ते आले, कारण त्यांना आपलं गाव नीट करायचं होतं. हे त्यांच्याच तोंडचे शब्द, "गाव नीट करायचं." नाल्या नीट, बाजार नीट, शाळेच्या खोल्यांत उजेड. त्यासाठी निवडून यावं लागतं, म्हणून निवडणूक लढले, आणि बघता बघता मेंबरकी त्यांना चिकटली. खोटं कशाला बोलू, त्यांना ती आवडायचीही. रस्त्यानं जाताना चार ठिकाणी थांबून नमस्कार घ्यायला कोणाला आवडत नाही?

पण ते हाडाचे आर्किटेक्ट होते. आमच्या भागात घर बांधणारा माणूस आधी हॉलबद्दल बोलतो. हॉल मोठा पाहिजे, पाहुणे आले की छाप पडली पाहिजे. पोर्च पाहिजे. स्वयंपाकखोली उरलेल्या जागेत कुठंही ढकला. बाबा तिथं अडून बसायचे. नक्शा घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचे, "तुमच्या घरी चूल कोण करते? तिले घेऊन या, मंग बोलू." माणसं कुरकुरत बायकोला घेऊन यायची. बायका आधी पदराआडून बोलायच्या, मग तासभर थांबायच्या नाहीत. मागच्या दाराजवळ धान पाखडायला जागा, शेंगा सोलत बसायला ओसरी, कढीपत्त्याला खिडकीबाहेर मूठभर माती. बाबांच्या हातची स्वयंपाकखोली तालुक्यात नावाजलेली होती. पवनीकडूनही लोक यायचे.

आणि आमची स्वयंपाकखोली? आम्ही भाड्यानं राहायचो. बाजाराच्या मागे, दोन खोल्या रस्त्याकडे, तिथं बाबांचं ऑफिस आणि मेंबरकी. मग एक मधली अंधारी खोली आणि शेवटी स्वयंपाकखोली, जिला खिडकी म्हणून नव्हती. तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती. आईनं फोडणी दिली की बाहेर बसलेले मतदार खोकायचे. बाबा हसून म्हणायचे, "आमच्या घरी चर्चा अशी तिखट असते." सगळे हसायचे. आत आई डोळे पुसत भाजी ढवळत असायची. मला तो विनोद कधीच आवडला नाही.

आईचं माहेर आसगावकडचं, धानाची शेती. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा बहिणींनी सही करायची आणि भावांनी साडी-चोळी करायची, असा रिवाज. मावश्यांनी तसंच केलं. आई म्हणाली, साडी नको, मले गावात एक प्लॉट घेऊन द्या. मामांनी नाकं मुरडली, पण दिला. नव्या लेआउटमधला, कोपऱ्याचा. आईच्या नावानं. ती कधी कोणाकडे काही मागायची नाही, त्या वेळी मागितलं, आणि मला वाटतं त्या एका मागण्याचं तिला आयुष्यभर कौतुक वाटत राहिलं.

मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी नक्शा काढला आणि एका रविवारी प्लॉटवर फक्कीनं रेषा मारल्या. पांढऱ्या चुन्याच्या रेषा, लाल मातीवर. हा हॉल, ही बाबांची खोली, ही तुझी खोली. आई त्या रेषांच्या आत शिरली तीसुद्धा दाराची जागा सोडली होती तिथून. मी धावत सरळ आडवी गेले तर ओरडली, "भिंतीतून काहून चालली? दार दिसत नाई का तुले?" बाबा पोट धरून हसले. तीही हसली. मग पूर्वेकडच्या, स्वयंपाकखोलीच्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. तिथून नदीकडची झाडं दिसायची. आईला एवढं खूश मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पाया खोदला गेला. विटा आल्या, रेती आली. आणि घोडं अडलं ते रेतीवर. त्याच महिन्यात आमच्या वार्डात नालीचं काम चालू होतं, बाबांनीच भांडून मंजूर करून आणलेलं. रेतीवाला गावात एकच. त्याचा ट्रक सकाळी नालीवर रिकामा व्हायचा, दुपारी आमच्या प्लॉटवर. पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "नालीची रेती मेंबरच्या घरी जाऊन राहिली." बस्स. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. चौकातल्या सभेत विरोधातल्या माणसानं माईकवरून विचारलं, की ज्याच्या बापाच्या घराला कौलं होती त्याच्या घरावर स्लॅब कुठून येऊन राहिला?

बाबांकडे पावत्या होत्या. त्या दाखवल्या असत्या तर विषय संपला असता. पण बाबांचा स्वभाव असा, की कोणी शंका घेतली की त्यांच्या अंगाची लाही व्हायची, आणि लाही झाली की ते मोठेपणा करायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या विटा आणि रेती नगर परिषदेच्या शाळेच्या कंपाउंडला देऊन टाकल्या. बैलगाड्या लावून, सगळ्यांसमोर. लोकांनी वाहवा केली. पेपरात दोन ओळी आल्या. आई त्या दिवशी प्लॉटवर गेली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "माझ्या भावाइनं देल्लेल्या जागेवरच्या विटा होत्या."

"इलेक्शन होऊ दे," बाबा म्हणाले. "मंग आपण बांधू. डबल बांधू."

इलेक्शन झालं. बाबा निवडून आले. घर नसलेला मेंबर अशी त्यांची ख्याती झाली आणि त्या ख्यातीवर ते पुढच्या वेळीही निवडून आले. प्रचाराच्या पत्रकावर छापलेलं असायचं, की आजही भाड्याच्या घरात राहणारा तुमचा माणूस. हे वाचून आईला काय वाटत असेल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही त्या वयात त्याचा अभिमानच वाटायचा. बाकीच्या मेंबरांनी दोन-दोन मजले चढवले होते, आणि माझे बाबा कसे बघा.

पायाचे चर तसेच राहिले. पावसाळ्यात त्यांत पाणी भरायचं, बेडूक ओरडायचे. मग आईनं चरांच्या कडेनं वाल लावला. दर हिवाळ्यात शेंगा यायच्या. पिशवी भरून आणायची आणि शेजारी वाटायची. "घे वं, घरच्या आहेत," म्हणायची. घरच्या.

मग एका खेपेस आमचा वार्ड बायकांसाठी राखीव झाला. आमच्याकडे अशा वेळी जे होतं तेच झालं. बाबांनी आईला उभं केलं. तिला विचारलं असं म्हणता येणार नाही, सांगितलं. ती हात जोडून वार्डभर फिरली. निवडून आली. लोक तिला मेंबरीणबाई म्हणायला लागले. मीटिंगला जाताना ती चांगली साडी नेसायची, घरी येऊन ती घडी करून ठेवायची आणि स्वयंपाकाला लागायची. ठरावावर सही तिची, शब्द बाबांचे.

पण एका दुपारी मीटिंगवरून आली ती सरळ बाबांच्या ऑफिसात जाऊन बसली. लोकांच्या खुर्चीवर. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत आले होते, दारातच होते. ती म्हणाली, "मी आता मेंबर आहो ना?"

"हो," बाबा म्हणाले. "काहून?"

"मंग मी सांगून राहिली. माझ्या प्लॉटवर माझं घर बांधा."

बाबा आधी हसले. मग ती हसत नाही हे बघून गंभीर झाले. "अवं, आता तर अजिबातच नाई बांधता येत. आधी मी मेंबर, आता तू मेंबर. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइची घरं तुमीच बांधून देल्ली ना? ते बसतीन आपल्या सैपाकखोलीत न म्हणतीन. मी काहून आयकू त्याइचं?"

बाबा टेबलावरचे नक्शे गुंडाळायला लागले. ते म्हणाले, तुझी टर्म संपू दे. आई उठली, पदर खोचला आणि आत गेली. त्या दिवशी तिनं फोडणी दिली आणि लोक खोकले नाहीत, कारण बाहेर लोक नव्हतेच. बाबा एकटेच बसून खोकत होते.

तिची टर्म संपली. माझं लग्न झालं, बाबांनीच नक्शा काढलेल्या मंगल कार्यालयात. मी भंडाऱ्याला आले, बँकेत लागले. आमचा फ्लॅट घेतला तेव्हा आई राहायला आली आणि स्वयंपाकखोलीच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली. खाली पार्किंग दिसत होतं, बाकी काही नाही. "हवा चांगली येते वं तुझ्याकडे," म्हणाली. मी म्हटलं, इथंच राहा. तर म्हणाली, "आपलं घर झालं की मंग येतो निवांत." घर झालं की मग माझ्याकडे येणार! मी चिडले. फोन करून बाबांना नको नको ते बोलले. बाबा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "यंदाचं इलेक्शन शेवटचं. तुयी शपथ."

ते शेवटचं इलेक्शन बाबा हरले. एका पोरसवदा माणसानं हरवलं, ज्याच्या वडिलांचं घर बाबांनी फुकट आखून दिलं होतं. मला आनंद झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाटलं, सुटली माझी आई. पण बाबांनी तिथंही पळवाट शोधलीच. म्हणाले, आता लगेच बांधलं तर लोक म्हणतील, खुर्ची गेली आणि दाबलेला पैसा बाहेर काढला. वर्षभर जाऊ दे.

मेंबर असताना बांधलं तर खाल्लं. मेंबर नसताना बांधलं तर आधीच खाल्लेलं. म्हणजे या माणसाला घर बांधायला योग्य वेळ या जन्मात नव्हतीच. एवढं साधं गणित, आम्हा तिघांपैकी कोणालाच आधी का कळलं नाही, मला समजत नाही. की आईला कळलं होतं आणि ती बोलली नाही?

वर्ष जायच्या आत आई गेली. हार्टचा त्रास होता, औषधं चालू होती. भाजी निवडता निवडता बसल्या जागी कलंडली. नागपूरला न्यायला गाडी बोलवली होती, ती यायच्या आधीच सगळं संपलं.

मी एकुलती एक, म्हणून अग्नी मीच दिला. त्यावर थोडी कुजबुज झाली. मग आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे घाटावरच शोकसभा. चिता पेटलेली असते, लोक शेडखाली बसतात, आणि गावातले चार प्रतिष्ठित लोक उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं आणि घरी जायचं. मेंबरला गावातल्या प्रत्येक मयतीला जावं लागतं आणि बोलावं लागतं. बाबा या कामात वाकबगार. त्यांनी किती लोकांना असं पोचवलं असेल, त्याला हिशेब नाही.

त्या दिवशी ते खाली बसून होते आणि दुसरे बोलत होते. पक्षाचे तालुक्याचे पुढारी उभे राहिले. भला माणूस, आईच्या हातचं जेवलेला. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. म्हणाले, "आमची ही माऊली स्वतः मेंबर होती, मेंबरची बायको होती. पण भाड्याच्या घरात तिनं आयुष्य काढलं. नवऱ्याजवळ कधी साधं घर मागतलं नाई. अशी त्यागी बाई आता होणे नाही."

लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं. मी उठणार होते, काय बोलणार होते देव जाणे. पण माझ्या आधी बाबा उठले. घरच्या माणसानं शोकसभेत बोलायची पद्धत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

"मागतलं होतं," ते म्हणाले. "दरसाली मागतलं. जागाही तिचीच होती. मी नाई बांधलं." मग चितेकडे पाहिलं. "मी लोकाइले भेलो."

आणि खाली बसले. एवढंच त्यांचं भाषण.

मला वाटलं, आता तरी कोणाला काही लागेल. लोक उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली, आणि परत जाताना माझ्या मागचे दोघं बोलत होते. एक म्हणाला, "पाय गड्या, बायको गेली तरी मोठेपणा पाय माणसाचा. सारं आपल्यावर घेतलं." दुसरा म्हणाला, "असा मेंबर आता भेटत नसते." मी रडायचं विसरले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर काढायचा हेही समजेना. ती माणसं वाईट नव्हती. तेरवीपर्यंत रोज कोणी ना कोणी डबा घेऊन येत होतं.

तेरवी झाली आणि बाबांनी घराला हात घातला. कोणाला विचारलं नाही. जुने चर उपसून पाया नव्यानं खोदला. पानठेल्यावर काय बोलतात हे त्यांनी या खेपेस ऐकलंच नाही, आणि गंमत म्हणजे बोललंही कोणी नाही. उलट ज्यानं माईकवरून स्लॅबबद्दल विचारलं होतं, त्याच्याच मुलानं सिमेंट उधार पाठवलं. इतकी वर्षं बाबा ज्याला भ्यायले ते असं होतं. हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, कोणीतरी निदान एक टोमणा मारायला पाहिजे होता. म्हणजे आईचं थांबणं अगदीच फुकट गेलं नसतं.

मी शनिवार-रविवार जायची. एका रविवारी गेले तर भिंती उभ्या झालेल्या, स्लॅब पडलेला. बाबा पूर्वेकडच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्री बाहेर तंबाखू मळत थांबला होता. बाबांच्या हातात टेप होता.

"ओटा राहिला," ते म्हणाले. "इकडे ये. तुया आईची उंची किती होती?"

स्वयंपाकाच्या ओट्याबाबत बाबांचा नियम होता. पुस्तकातली उंची ते कधीच वापरायचे नाहीत. त्या घरच्या बाईला सरळ उभं करायचे, मिस्त्रीला तिच्या घरच्याच कोणाच्या हातात टेप द्यायला सांगायचे आणि कोपराच्या चार बोटं खाली खूण करायचे. ओटा उंच झाला तर खांदे दुखतात, बुटका झाला तर कंबर जाते. गावातल्या कितीतरी बायका आज त्यांच्या त्यांच्या मापाच्या ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटतात.

"असन पाच फूट," मी म्हटलं. "थोडी कमीच."

"कमी म्हणजे किती?"

मी हात माझ्या कानाशी धरला. एवढी असेल. मग वाटलं, नाही, शेवटी शेवटी वाकली होती. हात थोडा खाली घेतला. बाबा उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला हात स्वतःच्या खांद्याशी आडवा धरला. "इथवर लागे ती मले," म्हणाले. मग त्यांनीच तो हात खाली घेतला. आमचे दोन हात दोन वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि दोघांपैकी कोणालाच खात्री नव्हती. फोटो आठवून पाहिले. मेंबर असतानाच्या फोटोत ती पुढच्या खुर्चीवर बसलेली. तिच्या स्वतःच्या लग्नातल्या फोटोत पाटावर. माझ्या लग्नात कोणाच्या तरी मागे.

"भाड्याच्या घरी ओट्याशी पायाखाली पाट घेऊन उभी राहायची ती," मी म्हटलं. "ओटा उंच होता तिले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पाट घ्यायची?"

"रोज."

ते परत खुर्चीवर बसले. टेप आपोआप आत गेला. बाहेरून मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, किती घेऊ मंग?" बाबा म्हणाले, थांब. मी म्हटलं, बाबा, माझ्या मापाचा करा, नाहीतर सगळ्यांचा असतो तसा करा, त्यात काय. त्यांनी टेप खिशात टाकला. मिस्त्रीनं आणखी एकदा विचारलं आणि मग तो दुसऱ्या कामाला लागला.

घर पूर्ण झालं त्याला आता बरेच दिवस झाले. रंग झाला, दारावर आईचं नाव लागलं. बाबा तिथं एकटे राहतात. स्वयंपाकखोलीला दोन खिडक्या आहेत, सकाळचं ऊन सरळ आत येतं. ओटा मात्र अजून झालेला नाही. गॅसची शेगडी खाली फरशीवर ठेवलेली असते आणि बाबा तिच्यासमोर मांडी घालून स्वतःचा चहा करतात.